पत्र्याचा शेवटचा शब्द

या, असे जवळ सरकून बसा. फार मोठी गोष्ट नाही ही. एका शब्दाची आहे, तोही दोन अक्षरांचा. पण कीर्तनात बुवा एकाच शब्दाभोवती तासभर घोळत राहतात, आणि उठताना तोच शब्द आपल्याला नवा होऊन ऐकू येतो. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चंद्रिकाला तो तसा ऐकू आला, तेवढंच सांगायचंय.

चंद्रिकानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून आडवा ठेवला. तो घसरला. तिनं पुन्हा टेकवला, मागे रुमालाची घडी लावली.

"आगं, उभा ठेव न्हाईतर आडवा ठेव," खाटेवरून गैबीसाब म्हणाले. "मला कुटं दिसतंय? आवाज तेवढा येऊ दे म्हंजे झालं."

काचबिंदूनं त्यांची नजर दोन वर्षांपूर्वी पुरती नेली होती. ऐंशीच्या घरातला माणूस. अंगावर पांढरा सदरा, हातात पूर्वीसारखीच वेताची छडी. खोलीभर बोचकी बांधून पडली होती. उद्या सकाळी ताबीश, त्यांचा मुलगा, त्यांना हैदराबादला घेऊन जाणार होता. कायमचं. म्हणूनच चंद्रिका आज गणवेशांची शिलाई अर्धी टाकून भर उन्हात आली होती. जे विचारायचं ते आजच विचारायला हवं होतं.

याच घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी गैबीसाबांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ. रविवारी दुपारी तिथं पेठेतली पोरं दाटीवाटीनं बसायची. कॅसेटी सगळ्या मारामारीच्या, एकच तेवढी कार्टूनची: परदेशी, इंग्रजी बोलणारी. त्यात एक लाल लोखंडी यंत्रमानव आणि एक एकटी मुलगी. खरं नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. गैबीसाबांनी त्या यंत्रमानवाला 'पत्र्या' म्हटलं आणि सगळी पेठ 'पत्र्याचा पिच्चर' म्हणू लागली.

इंग्रजी कळत कुणाला होतं? गैबीसाब टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि छडीनं दाखवत सगळी कथा सांगायचे. पत्र्या चालला की पायानं फरशी वाजवायचे, धरण आलं की म्हणायचे, "हे बघा, आपलं उजनी!" पोरं टाळकऱ्यांसारखी मागून ओरडायची. चंद्रिकाचे वडील वीरभद्रप्पा शिवकीर्तनाचे वेडे. एकदा दारातून डोकावून ते हसत म्हणाले होते, "गैबीसाब, तुम्ही निरूपणच करायला लागलाय की!"

"शाइस्ता, चाय रख गे," गैबीसाब सुनेला म्हणाले.

"रखी, अब्बा." शाइस्ता कपाट रिकामं करत होती. तिनं जुनी, गंजलेली बॅटरी वर धरली. "ये भी लेना क्या? ताई, बघा की, काय काय जपून ठेवलंय. टॉकीजची हाय ही, अंधारात वाट दाखवायची. दुकानाच्या आधी अब्बा अकरा वर्षं टॉकीजला हुते. सकाळच्या खेळाला इंग्रजी पिच्चर लावायचे."

"असू दे, टाक पिशवीत," गैबीसाब म्हणाले. "चंद्रिका, सुरू कर. आज तू सांग, मी ऐकतो. लई वर्षं मी बडबडलो."

चंद्रिकानं बोट लावलं. ओळखीची तुतारी वाजली आणि गैबीसाबांचा चेहरा उजळला.

"पत्र्या निघाला डोंगरातनं," ती म्हणाली. "चालतोय."

"चालतोय काय? बातम्या देतीस व्हय? पाय वाजव की!"

शाइस्ता खुदकन हसली. चंद्रिकानं दाराकडे पाहून घेतलं, मग फरशीवर पाय आपटला. धप्प. धप्प. पन्नाशीला टेकलेली बाई, पण दहाव्या पावलाला ती पार शेडमध्ये जाऊन पोचली होती. मुलीला पत्र्या भेटला, पत्र्यानं तिच्या विहिरीचा पंप दुरुस्त केला, तिच्या बकरीला खांद्यावर घेऊन ओढा पार केला. चंद्रिका सांगत गेली, गैबीसाब मध्येच "व्हय, व्हय" करत, चुकलं की छडी खाटेवर मारत. "बकरी नंतर, आधी पंप!" तिनं पडद्याकडे पाहिलं. आधी पंपच होता.

आणि मग धरण आलं.

चंद्रिकाचा आवाज बारीक झाला.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा वीरभद्रप्पा गेले. चादरीच्या कारखान्यात मागावर उभे होते, तिथेच छातीला हात लावून बसले. घरात रडारड झाली, माणसं आली, गेली. चंद्रिका रडली नाही, बोलली नाही, धड जेवली नाही. शेजारच्या ईरम्मा तिसऱ्या रविवारी तिला हाताला धरून व्हिडिओला घेऊन आल्या. म्हणाल्या, बसू दे पोरांत.

पिच्चरच्या शेवटी धरणाला भगदाड पडतं. खाली गाव. पत्र्या त्या भगदाडात जाऊन उभा राहतो, आपलंच अंग लावून. पाणी छातीशी, गळ्याशी. काठावर मुलगी. पत्र्या तिच्याकडे बघतो आणि एकच शब्द बोलतो. बाय.

त्या काळी पेठेत निरोपाला टाटा करत. 'बाय' म्हणजे घरातली लाडाची लेक. वीरभद्रप्पा चंद्रिकाला बायच म्हणत. बाय, तांब्या दे. बाय, भाकरी खाल्लीस का? आणि त्या रविवारी गैबीसाबांनी छडी खाली ठेवली, पोरांच्या डोक्यांवरून बघत सांगितलं होतं, "आयका, पत्र्या काय म्हणला. हाय, बाय! मी हितंच हाय! दिसलो न्हाई तरी भित्तीत हाय. माज्या जिवावर तू निजायचं."

चंद्रिका घरी आली, आईला म्हणाली, "पत्र्या हाय अजून," आणि दीड भाकरी खाऊन झोपली.

मग ते दोन शब्द तिच्याजवळच राहिले. बाळंतपणाच्या कळांत, आईच्या दुखण्यात, नवरा नागप्पाचा अपघात झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर. कुणाला न सांगता ती मनात म्हणायची: हाय, बाय. आणि तो आवाज पत्र्याचा असायचा, पण त्याच्या आत दुसराही असायचा.

गेल्या आठवड्यात तिच्या लेकीनं, सिद्धेश्वरीनं, पुण्याहून तो पिच्चर शोधून पाठवला. खाली हिंदी अक्षरं येत होती. शेवटी पत्र्या बोलला आणि खाली आलं: अलविदा. चंद्रिकानं तेवढाच तुकडा सात वेळा लावला. मग शिलाईला बसली आणि एका शर्टाची बाही उलटी जोडून बसली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तेच विचारायला ती आली होती. चाचा, तुम्हांला इंग्रजी कळलं नव्हतं ना? चूक झाली होती ना? एवढंच. पण 'व्हय, चूक झाली' असं ते म्हणाले, तर वडिलांचा आवाज कुठे ठेवायचा, हे तिला ठाऊक नव्हतं.

मोबाइलमधून पाण्याचा लोंढा गरजू लागला. शाइस्ताही हातातली घडी तशीच धरून उभी राहिली.

"गळ्यापतुर आलं?" गैबीसाबांनी विचारलं.

"आलं, चाचा."

पत्र्याचा आवाज आला. बारक्या खोलीत अगदी स्वच्छ ऐकू आला. बाय.

"काय म्हणला गं?"

चंद्रिकानं तोंड उघडलं. जुळवून आणलेला प्रश्न अगदी ओठाशी होता. म्हाताऱ्यानं चेहरा तिच्या दिशेनं केला होता, पण थोडा चुकून, तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी. त्या दिवशी पोरांच्या डोक्यांवरून बघत होता तसा.

"तुम्ही काय सांगायचा, चाचा?"

"मी आज सांगणारा न्हाई. तू हायस."

पाणी वाजत राहिलं. चंद्रिकानं मोबाइलकडे पाहिलंच नाही.

"हाय, बाय, म्हणला," ती म्हणाली. "मी हितंच हाय, म्हणला. दिसलो न्हाई तरी."

गैबीसाबांनी मान हलवली. "बरं सांगितलंस," ते म्हणाले. "तुझे आप्पा असते तर म्हणले असते, निरूपण जमलं पोरीला."

चहा झाला. शेंगाचटणीची पुडी तिनं शाइस्ताच्या पिशवीत सरकवली. हैदराबादला असली मिळत नाही म्हणून. गैबीसाबांच्या पायांना हात लावला. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, जरा जास्तच वेळ. ती दाराशी आली, एका पायात चप्पल घातली.

"बाय," मागून गैबीसाब म्हणाले.

चंद्रिका थबकली. पिशवीतून ती गंजलेली बॅटरी अर्धी बाहेर डोकावत होती. अकरा वर्षं. सकाळचा खेळ, इंग्रजी पिच्चर. अकरा वर्षांत हा शब्द या माणसाच्या कानावरून किती वेळा गेला असेल! त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नसेल कसा?

तिनं मागे वळून पाहिलं. छडी मांडीवर आडवी ठेवून ते तिच्या पावलांची चाहूल घेत होते.

"हाय की, चाचा," ती म्हणाली. पायातली चप्पल काढली आणि पुन्हा खाटेशी जाऊन बसली.

झालं, एवढंच. आता उठा, उशीर होईल तुम्हांला. फक्त दारातून निघताना कुणी सहज बाय म्हणालं, तर सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गैबीसाबांची एकदा आठवण करा.