फेसाळलेलं रक्त

जळकोटच्या अलीकडच्या वाडीत दूध सोसायटीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. शहाऐंशीचा उन्हाळा, विहिरीत नुसता गाळ आणि घराघरात कावीळ. रोग कुणाच्या पापानं आला ते शोधायला ओट्यावर बसलेला बंडप्पा महाराज एकेकाच्या बोटाला सुई टोचायचा, रक्ताच्या थेंबावर तांब्यातलं तीर्थ सोडायचा आणि गरजायचा, "शुद्ध! आईनं राखलं!"

मग चांगुणाचा नंबर आला. घरात नवरा लिंबाजी पिवळाधमक होऊन पडलेला, सासू कडूबाई नुकतीच दुखण्यातून उठलेली. एकटी चांगुणा धडधाकट. त्यात तिनं महाराजाचा अंगारा नाकारून नवऱ्याला धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचा हट्ट धरला होता.

थेंबावर तीर्थ पडलं आणि रक्त फसफसलं. पांढरा फेस बोटावरून ओघळला.

"बघा, पाप उकळतंय!" महाराज किंचाळला. "हिनंच समद्यांची काया खाल्ली, म्हणून ही टवटवीत! हिला शिवंबाहेर घाला, मंगच गाव बरं हुईल."

गर्दी मागं सरली. कडूबाईनं सुनेचा हात सोडला. पण चांगुणानं पाहिलं होतं, तिच्या वेळी महाराजानं तांब्या सारून झोळीतली बाटली काढली होती.

"महाराज, त्याच बाटलीतलं तुमच्या बोटावर टाका की."

"तोंड आवर, बाई!"

तो बाटली लपवू लागला. शाळेत विज्ञान शिकवणारे बलभीम सर पुढं आले आणि त्यांनी ती हिसकावली. खिशातली टाचणी स्वतःच्या बोटात खुपसून वर बाटलीतला थेंब सोडला. फेस! मग भंडाऱ्यासाठी आणलेला एक बटाटा चिरून त्यावर ओतलं. तोही फसफसला.

"माझं पाप असेल लई," सर म्हणाले, "पण ह्या बटाट्यानं कुणाची काया खाल्ली?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हे जखम धुवायचं औषध आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. पेशींत विकर असतात, म्हणजे शरीरातली कामं झपाट्यानं उरकणारी द्रव्यं. त्यातल्या एकामुळं हे औषध फुटतं, वायू सुटतो. महाराजाचं रक्तही असंच फेसाळेल. तांब्यात मात्र साधं पाणी."

"मंग समद्यास्नी झाली, हिलाच कावीळ कशी न्हाय झाली?" कडूबाईनं विचारलं.

"कावीळ विषाणूची. तो गाळाच्या पाण्यातून पोटात जातो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात. त्यांच्यातलेही विकर विषाणूला वाढू देत नाहीत, त्याचे तुकडे करतात. कुणाचे जोरकस, कुणाचे मंद. किंवा हिला लहानपणी होऊन गेली असेल. नेमकं कारण मलाही ठाऊक नाही, मावशी. पण ते पाप नव्हे. आणि एकच सुई सगळ्यांना टोचून ह्या बुवानं रक्तातून पसरणाऱ्या दुसऱ्या काविळीचा धोका वाढवलाय."

माणसं आपापली बोटं निरखू लागली. महाराज चपला शोधत होता. चौघांनी त्याला तिथंच धरून बसवलं.

कडूबाईनं सुनेचा सोडलेला हात पुन्हा धरला. मग म्हणाली, "चांगुणा, लिंबाजीला टेंपोत घाल. म्या बी येते."

लिंबाजी बरा झाला. गाव पाणी उकळून पिऊ लागलं. चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी प्रश्न विचारा. त्या दिवशी कुणीच विचारलं नसतं, तर एक निरोगी बाई गावाबाहेर गेली असती, आणि रोग गावातच राहिला असता.