उसवून शिवलेला व्रण

ताईच्या हातात दुरुस्तीचा कपडा दिला की गिऱ्हाईक निर्धास्त घरी जाई. बिघडलेल्या शिवणीवर तिचा एकच उपाय होता: उसवायची आणि पुन्हा घालायची. पंचवीस वर्षांत हा उपाय कधी चुकला नव्हता. म्हणून तिने तो स्वतःच्या अंगावरही करून पाहिला आणि तिथेच फसली.

तीन वर्षांपूर्वी तिने धाकट्या भावाला आपली एक किडनी दिली, मागचापुढचा विचार न करता. त्याच्या पोटावरचा व्रण वर्षभरात विरून दोऱ्याएवढा उरला. हिच्या कुशीतला मात्र फुगत गेला, लालभडक, टणक, जखमेची हद्द ओलांडून बोटभर रुंद. नाडी घासली की आग आणि घाम आला की खाज. शिवता शिवता हात सारखा तिकडेच जायचा.

"कापून नीट शिवा ना," तिने त्वचेच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. "कुणी घातले होते हे टाके? मला एकदा भेटायचंच आहे त्याला."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "टाके चांगलेच होते. जखम भरताना कातडी आतून धागे विणते आणि भरली की थांबते. तुमची थांबतच नाही. नुसतं कापलं तर नवी जखम होईल आणि ती आणखी विणत सुटेल. व्रणात इंजेक्शनं देऊ. सिलिकॉनची पट्टी रोज बारा तास लावा. महिने लागतील."

"मग भावाचा कसा बसला?"

"थोडा ज्याच्या त्याच्या कातडीचा भाग. शिवाय किडनी टिकावी म्हणून ते ज्या गोळ्या घेतात, त्या व्रणालाही वाढू देत नसाव्यात."

म्हणजे हिची किडनी जपता जपता त्याची कातडीही जपली जात होती! ताई हसली, पण ते हसू तिचं तिलाच आवडलं नाही.

महिने थांबायला वेळ कुणाला होता? नाही म्हणायची सवय नसलेला दुसरा डॉक्टर तिने शोधून काढला. त्याने व्रण कापून असे बारीक टाके घातले की ताईने आरशात बघून त्याला शाबासकी दिली. पाच महिन्यांत व्रण परत आला, दोन बोटं रुंद. मग नाक मुठीत धरून ती पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली. टणक व्रणात औषध शिरेना. किडनी देताना टिपूस न गाळलेली ही बाई त्या पहिल्या इंजेक्शनला हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी ती भावाकडे गेली. त्याने उद्या बरोबर यावं, हात धरून बसावं, एवढंच तिला हवं होतं. तीन वर्षांत त्याने "दुखतं का गं?" म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. आता निदान बघेल तरी, असं तिला वाटत होतं.

"तू काळजीच घेतली नसशील," भाऊ म्हणाला आणि त्याने शर्ट वर केला. "हे बघ. दिसतोय तरी का?"

"नाही दिसत. उद्या येशील का, तेवढं सांग."

त्याने बायकोकडे पाहिलं. "ताई, दवाखाना नको गं. तिथे सतरा आजारांची माणसं. मला काही लागण झाली तर? शेवटी मला माझी किडनी सांभाळायला हवी."

गेल्याच आठवड्यात हा खचाखच भरलेल्या मैदानात मॅच बघून आला होता.

भावजयीने आतून एक ट्यूब आणली. "यांच्या मलमातलं अर्धं उरलंय. न्या तुम्ही. फुकट जाण्यापेक्षा बरं."

ताईने ती घेतली. नाही म्हणायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने सुई भरता भरता विचारलं, "बरोबर कुणी नाही? हात धरायला कुणी असतं तर बरं."

"भाऊ यायचा होता. त्याला त्याची किडनी सांभाळायचीय."

"अरेरे! फार त्रास आहे का हो त्यांना?"

"छे! छान चाललीय," ताई म्हणाली आणि कुशीवर वळली. "टोचा तुम्ही."