एकोणपन्नास दिवसांचा झोका

पाळणा एक मिनिट झुलून थांबायला हवा होता. त्याच्या इवल्याशा पडद्यावर मात्र आलं होतं : शिल्लक ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "तोवर हिला दात तरी येतील."

विजेवर हलणाऱ्या या पाळण्याचा प्रोग्राम मी लिहिते. घरी बसून, लेकीच्या दोन झोपांमधून जेवढा वेळ चोरता येईल तेवढ्यात. अकरा वाजता आमचे साहेब तो बघायला येणार होते. पास झाला तर आणखी सहा महिने घरून काम. नाहीतर सोमवारपासून ऑफिस, आणि माझी सात महिन्यांची ठमी दिवसभर माझ्याविना. पावणेअकरा वाजले होते.

त्यात सासूबाईंनी चाचणीसाठी ठेवलेली उशी बाजूला सारून तिथे ठमीला निजवलेलं. सकाळपासून कुणालाच दाद न देणारी ही बया चक्क झोपली होती. मूठ गालाखाली, ओठ झोपेतही चुटुचुटु दूध पिणारे.

"आई, उचला ना हिला. मला पाळणा बंद करायचाय."

"हात तर लावून बघ तिला!"

मी मुकाट्याने प्रोग्राम उघडला. लॅपटॉपवर तर हा पठ्ठ्या बरोब्बर मिनिटाला थांबत होता! मग ती ओळ दिसली : साठ गुणिले हजार. मिनिटाचे मिलिसेकंद. लॅपटॉप साठ हजार सहज पचवतो. पाळण्यातल्या चिमुकल्या चिपचा साधा पूर्णांक मात्र बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे जातच नाही. गुणाकार उतू गेला, उलटून उणे झाला. आणि वेळ मोजणाऱ्या खान्याला उणे म्हणजे काय ते ठाऊकच नसल्यामुळे त्याने तो चार अब्ज मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे जवळपास पन्नास दिवस, असा वाचला.

"मराठीत सांग," सासूबाई म्हणाल्या.

"उत्तर ठेवायला पातेलं घेतलं होतं, पण गुणाकार केला वाटीत."

"एवढी शिकलीस आणि वाटीत?"

उपाय दोनच अक्षरांचा. साठाला चिकटून यू आणि एल लिहायचं, म्हणजे चिप कुठलीही असो, हा आकडा ती पहिल्यापासून मोठ्या भांड्यातच घेते. पण नवा प्रोग्राम भरायचा तर पाळणा बारा सेकंद बंद ठेवायला हवा.

सासूबाईंनी पदर खोचला. "तू तार ओढ. मी हलवते."

मी तार ओढली. त्यांनी कठडा धरला.

"हळू, आई! दोन सेकंदांना एक झोका!"

"चार पोरं निजवलीत मी, तुझ्या नवऱ्यासकट. मला सेकंद शिकवू नकोस."

प्रोग्राम भरला आणि नेमकी दारावर टकटक झाली. मी ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी काही न विचारता बूट काढले आणि चवड्यांवर आत आले. मी तार जोडली. पडद्यावर आलं, एक मिनिट. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

आम्ही तिघं पाळण्याभोवती श्वास रोखून उभे. थांबला तर मी पास. थांबला तर ठमी उठणार. दहा आकडा आला तेव्हा नक्की काय व्हावं असं मला वाटत होतं, ते मलाही सांगता येणार नाही.

शून्य. पाळणा थांबला.

ठमीने एक डोळा उघडला. साहेबांकडे पाहिलं. आणि असा काही सूर लावला की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"पास!" साहेब ओरडले.

"काय?"

"पास म्हटलं! घरूनच कर काम! पण मिनिटात थांबायचं हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच, सर!"

साहेब दोन्ही हातांनी पाळणा हलवायला लागले. त्याचा ठमीवर ढिम्म परिणाम झाला नाही. "वीस मिनिटं करता येतील का?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

"कुठल्याही चिपवर," मी म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले.

"ते राहू दे," सासूबाईंनी ठमीला माझ्या मांडीवर आदळलं, "आधी पाज हिला."