छताकडे पाहिले

माझी लेक, आमची राणीसरकार, आता सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिला शाळेत घ्यायचं की नाही, हे ठरलं तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो.

तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मेंदूचा निरोप हातापायांना आणि जिभेला धड पोचत नाही. समज मात्र ठणठणीत. हे तेव्हा फक्त मला, तिला आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना माहीत होतं. बाकी सगळे हुशार होते. माझ्या नणंदबाई तर तिची मान मागे टाकून तिला भरवायच्या आणि ठसका लागला की तिच्या नशिबाला बोल लावायच्या.

शाळेतही त्या सोबत आल्या. "वहिनी, कशाला बिचारीचे हाल? तिला काय कळतंय?"

मी लेकीला खुर्चीत सरळ बसवलं, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, पायांखाली पाट. पाय लोंबकळले की तिचं अंग ताठरतं. मग परीक्षा घेणाऱ्या बाईंना म्हटलं, "'हो' असेल तर ती वर बघते, 'नाही' असेल तर खाली. जरा थांबावं लागतं."

"वीस वर्षं हेच करतेय मी," बाई म्हणाल्या. एवढ्या अनुभवी माणसाला ऐकायची गरज नसते.

दहा प्रश्न झाले. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "वाईट वाटून घेऊ नका, पण हिचं लक्षच नाही. शाळेत नाही जमणार."

"कागद बघू?"

अक्षर मोत्यासारखं, नोंदी चोख. मी मोठ्याने वाचायला लागले. "मासा पाण्यात राहतो का? छताकडे पाहिले. दगड उडतो का? जमिनीकडे पाहिले. आई तुझ्यापेक्षा मोठी आहे का? छताकडे पाहिले."

चौथ्या प्रश्नाला बाईंनी चष्मा काढला. दहावा होता, "तुला शाळेत यायचंय का?" पुढे लिहिलं होतं, "छताकडे पाहिले. बराच वेळ."

दहापैकी दहा. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेले.

त्यांनी शेरा खोडला, 'प्रवेश द्यावा' लिहिलं आणि सही केली. लेकीकडे मात्र बघितलं नाही.

नणंदबाई हळूच तिच्याजवळ वाकल्या. "म्हणजे गं, इतकी वर्षं मी तुझ्यासमोर जे जे बोलले, ते सगळं तुला कळत होतं?"

राणीसरकारांनी सावकाश छताकडे पाहिलं. बराच वेळ.