दुसऱ्या छिद्रातली पिन

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर दोन हजार एकशे शहाऐंशी ठोकळ्यांची रिकव्हरी गाडी उभी होती आणि बजरंग दोन्ही हात पाठीमागे धरून, डावा पाय किंचित ओढत, तिच्याभोवती फिरत होता.

"साहेब, ह्यो टूलबॉक्स डावीकडं हुता."

"उजवीकडे."

"डावीकडं. उजवीकडं डिझेलची टाकी. टाकी रोज मी पुसायचो, आन मलाच सांगताय व्हय?"

मी चार ठोकळे काढून डावीकडे बसवले.

"अजून?"

"बाकी झ्याक हाय. फकस्त एवढी चकचकीत ती जल्मात नव्हती."

स्वयंपाकघरातून माझी पत्नी रतन हसली. बजरंगने आपल्या गावाहून, औंढ्याहून आणलेला हरभऱ्याचा डहाळा ती सोलत बसली होती.

माझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला सून सारिकाने प्लास्टिकच्या ठोकळ्यांची दोन खोकी दिली. खोक्यावर किल्ल्याचे चित्र होते. किल्ला बांधण्यात मला रस नव्हता. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी एकतीस वर्षे लोणावळ्याच्या एका खाजगी कार्यशाळेत काढली होती. घाटात बंद पडलेली, कलंडलेली वाहने ओढून काढणे हे आमचे काम. त्या कार्यशाळेची गाडी मी एकास वीस या प्रमाणात उभी केली. लांबी, रुंदी, उंची वीस-वीसपट कमी, म्हणून वजन आठ हजारपट कमी. मूळ गाडी चौदा टनांची. ही बरोबर साडेसतराशे ग्रॅमची. ठोकळे हलके असल्याने पोटात शिसे आणि नट भरले होते. विंचचे हँडल फिरवले की दोरी ड्रमवर गुंडाळली जात असे.

कार्यशाळेचा एक नियम होता. ऑपरेटरने फिरून पाहिल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. या गाडीचा ऑपरेटर बजरंग होता, म्हणून त्याला बोलावले. तो येईल की नाही, याची मात्र खात्री नव्हती.

चहा झाला. कपबशी खाली ठेवून बजरंग प्रथमच गाडीजवळ बसला. बाजूचा टेकूचा पाय त्याने बोटाने हलकेच बाहेर ओढला. ओझे उचलताना गाडी कलंडू नये म्हणून हे पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवतात. त्यांना दोन छिद्रे असतात. पहिल्यात पिन घातली तर पाय अर्धा बाहेर, दुसऱ्यात घातली तर पूर्ण.

"साहेब, हिला पाडता यील का?"

प्रश्न कशाबद्दल आहे, हे मला कळले. ऑगस्ट शहाण्णवमध्ये घाटातल्या एका वळणावर भरलेला टँकर कठड्याखाली गेला होता. तो ओढताना आमची गाडी दरीकडे उलटली आणि बजरंगचा पाय मोडला. उलटलेल्या गाडीच्या दरीकडच्या पायाची पिन गळून पडली होती आणि पाय अर्धाच बाहेर होता. मी अहवाल लिहिला : पाय पूर्ण बाहेर काढला नव्हता, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. बजरंगला विंचवरून काढले. पुढची सव्वीस वर्षे त्याने सोमाटण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर काढली. औंढ्यात कुणाची बैलगाडी कलंडली तर लोक विचारत, "बजरंग बसला हुता काय?"

"पाडता येईल," मी म्हणालो. "पण तुला काय पाहायचंय?"

"मी पिन दुसऱ्या भोकात घातली का न्हाई, ते मला आठवत न्हाई. लय आठवून बघितलं. रोज आडवं पडलं की हात आपसूक पिन घालतो. माजी बायकू विठा म्हणती, झोपा आता, घातली पिन. पण त्या दिशी घातली का?" त्याने टेकूचा पाय पुन्हा आत ढकलला. "मनानं खाल्लंय मला, साहेब."

मी मांडणी केली. टेबलाची कड म्हणजे दरी. गाडी कडेला समांतर, घाटात उभी होती तशीच. टँकरचा ओढा मी दहा टन धरला होता. म्हणून साडेबाराशे ग्रॅम नटांची पिशवी दोरीने कडेखाली लोंबती सोडली. पाय अर्धा बाहेर, पिन पहिल्या छिद्रात.

"हँडल तू फिरव."

त्याने शर्टाला हात पुसले आणि हँडल धरले. पिशवी फरशीवरून उचलली गेली, आणि गाडी कडेकडे कलंडली. बजरंगने तिला तळहातावर झेलले.

"अहवालात हेच होतं," मी म्हणालो. माझ्या आवाजात समाधान होते, ते मी लपवले नाही.

"व्हय. आता पुरा काढून बगा."

ही चाचणी मी अठ्ठावीस वर्षांत कधी केली नव्हती, कागदावरसुद्धा नाही. गरजच वाटली नव्हती. मी पाय पूर्ण बाहेर ओढला, पिन दुसऱ्या छिद्रात घातली आणि बजरंगला ती चाचपून पाहायला लावली. गाडी उभी राहणार, याबद्दल मला शंका नव्हती.

गाडी उलटली.

"दोरी अडकली असेल," मी म्हणालो. दोरी मोकळी होती. वजने पुन्हा तोलली, बरोबर होती. पुन्हा उलटली.

एका वाचनावर भरवसा ठेवायचा नाही, तीन-तीन वाचने तीन वेळा घ्यायची, हे मला विद्यार्थिदशेत शिकवले होते. आम्ही नऊ चाचण्या घेतल्या. प्रत्येक वेळी बजरंग गाडी झेलायचा, चाकांवर उभी करायचा आणि न सांगता पिन तपासायचा. नवव्या वेळी रतन सोललेले हरभरे तसेच ठेवून दारात येऊन उभी राहिली होती.

"मंजी..." बजरंग म्हणाला.

"म्हणजे पिन असली तरी गाडी पडलीच असती."

"पण मी घातली हुती का न्हाई?"

"ते आता कळणार नाही. गाडी उलटताना पिन तुटूनही जाऊ शकते. पण दोष पिनचा नव्हता. उभं करायची जागा चुकली होती. ती जागा कोणी सांगितली?"

त्याने पिन पुन्हा बोटाने चाचपली. उत्तर त्याला ठाऊक होते.

"मी सांगितली," मी म्हणालो. "वाहतुकीला एक बाजू मोकळी ठेवायची म्हणून. तू काय म्हणाला होतास?"

"गाडीची पाठ दरीकडं करू, म्हनलं हुतं. तुमी म्हनला, बजरंग, शिकवू नकोस."

ते वाक्य मला आठवत नव्हते. पण ते माझेच होते, यात संशय नव्हता.

"अहो, मग आता तरी करा ना पाठ दरीकडे," रतन म्हणाली.

बजरंगने गाडी फिरवली. मागचे दोन्ही पाय टेकवले, चाकांपुढे नखाएवढे ठोकळे लावले आणि हँडल सावकाश फिरवू लागला. पिशवी वर आली, टेबलाच्या कडेला टेकली. गाडीची पुढची चाके जागची हलली नाहीत.

"वैनी, बगितलं का?" त्याने मान वर केली नाही. "आता आठ डाव र्‍हायलं."

आठही झाले. मी वही काढून निकाल लिहिला. शहाण्णवच्या अहवालावर फक्त माझी सही होती. या पानावर ऑपरेटरच्या जागी बजरंगने सही केली. प्रत्येक अक्षर वेगळे, ठसठशीत.

टेकूचा पाय पूर्ण बाहेर, गाडी रस्त्याला समांतर : चाचण्या नऊ, उलटली नऊ वेळा.

पाठ दरीकडे, ऑपरेटरने सांगितल्याप्रमाणे : चाचण्या नऊ, उलटली शून्य.