मी कुणाचाही चौथा नाही

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि सध्या मी फार संतापलेलो आहे. दगडाला कसला आलाय राग, असं म्हणाल. आधी ऐकून तर घ्या!

माझा जन्म वैनगंगेच्या पात्रातला. किती वर्षं पाण्यात लोळलो ते मला सांगता यायचं नाही. आरमोरीच्या पलीकडच्या एका गावातल्या म्हातारीने मला उचललं, तेव्हा मी वीतभर लांब, चपटा आणि गुळगुळीत झालो होतो. तिने माझ्यावर पाणी शिंपडलं, विळा घासला, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाली, "असा गोटा साऱ्या नदीत नाई!" झालं. तेव्हापासून माझा मुक्काम तिच्या अंगणात, रांजणाशेजारी. धानकापणीच्या दिवसांत गावच्या बायका आपापले विळे घेऊन माझ्यापाशी थांबून राहायच्या. घासून घासून माझं पोट मधे खोलगट झालं आहे. ती खूण मी आजही कुणालाही अभिमानाने दाखवीन.

मग म्हातारी गेली आणि तिची सून कमलाबाई घरची मालकीण झाली. आरमोरीहून इनायतभाई सायकलवर धार लावायचं चाक घेऊन येऊ लागले. घर्र घर्र केलं की विळा तयार. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. उलट मला पाहून ते म्हणायचे, "बढिया पत्थर आहे बाई, फेकू नका." कमलाबाईने फेकलं नाही, पण कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावलं. मी तेही सोसलं. काम ते काम.

सोसवलं नाही ते पुढचं.

कमलाबाई मनाने वाईट नाही. शेजारी कुणाला ताप आला तर ही पेज घेऊन आधी धावणार. पण शकुन-अपशकुनाचं वेड असं, की कुणी शिंकलं तर निघालेला माणूस परत घरात! मुलाने मोटरसायकल घेतली, तर नंबराची बेरीज आठ येते म्हणून तिने ती दोन दिवस फाटकाबाहेर उभी ठेवली. आणि तिघांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की तिचं ठरलेलं, "तीन तिगाडा, काम बिगाडा!"

गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं पडू लागली. मोह वेचायला जंगलात पहाटेच जावं लागतं, नाहीतर हरणं आणि गुरं सगळी फुलं खाऊन टाकतात. पण आमच्या जंगलात वाघ आहे. म्हणून जंगलखात्याच्या गार्डसाहेबांनी गावात बजावलं होतं, की चारपेक्षा कमी बायकांनी आत जायचं नाही, आणि किती गेल्या, किती आल्या ते रोज सांगायचं.

कमलाबाई, तिची नवी सून खुशबू आणि शेजारची इतवारी. झाल्या तीन. पण चौथी होती की! बायनाबाई स्वतःहून कुंपणापाशी आली होती.

"कमलाबाई, मी बी येऊ का तुमच्यासंगं? एकटीले भेव वाटते मले."

बायनाबाईच्या नवऱ्याला, लहानूला, दोन वर्षांमागे याच जंगलात मोह वेचताना वाघाने मारलं होतं. तेव्हापासून कमलाबाई तिला पाहिलं की रस्ता बदलायची.

"नको वो माय," कमलाबाई म्हणाली. "वाघानं तुह्यं घर वळखलं आहे. तू संगं असली का आमच्यावरबी येईन."

"वाघाले का घर नंबर वाचता येते?" बायनाबाई म्हणाली आणि निघून गेली.

"आता तिघीनं कसं जावं?" इतवारीने विचारलं. कमलाबाईने खुराड्याच्या दारातून मला ओढून काढलं. कोंबड्या बाहेर पळाल्या, त्याचंही तिला भान नव्हतं. "हा घ्या चौथा! तिघं असले का गोटा संगं घ्यावा. मंग चार होतेत."

खोटं कशाला बोलू, मित्रांनो? घटकाभर मला फुशारकीच वाटली. खुराड्यातून एकदम माणसांत! खुशबूने मला ओढणीत गुंडाळून कमरेला बांधलं आणि आम्ही निघालो. वाटेत मागे पाहिलं, तर हाकेच्या अंतरावर बायनाबाई टोपली घेऊन एकटी येत होती. सोबत घेत नाहीत, तर निदान माणसांचा आवाज तरी कानावर राहावा म्हणून. आणि गार्डसाहेबांना सांगितलं काय? "चार." जिवंत बाई मोजायची नाही आणि दगड मोजायचा! माझी फुशारकी तिथेच उतरली.

पंधरा दिवस हेच चाललं. पंधरा दिवस मी शरमेने त्या ओढणीत बसून होतो.

सोळाव्या दिवशी नाल्याकडून वानरं इशाऱ्याचं खॅक-खॅक ओरडू लागली. मग झुडपं हलली आणि इतवारी किंचाळली, "वाघ!" तिघींनी टोपल्या टाकल्या आणि धूम पळाल्या. मागून बायनाबाईची हाक आली, "थांबा वो! मले येऊ द्या!" एकच हाक. कुणी थांबलं नाही.

गावच्या चौकात ही गर्दी जमली. गार्डसाहेब मोटरसायकलवरून घाईघाईने आले आणि गर्दीतच विचारू लागले, "कमलाबाईच्या टोळीतल्या चौघी गेल्या होत्या. चौघी आल्या का?"

"आल्या साहेब, चारी आलो," कमलाबाई धापा टाकत म्हणाली. रोज म्हणून म्हणून जिभेला वळणच पडलं होतं. गार्डसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि गाडी वळवली.

अरे देवा! मी आतल्या आत ओरडत होतो. चार नाही, तीन! चौथा मी आहे, दगड! ती बाई तिकडे मरेल! पण दगडाचं ओरडणं कुणाच्या कानात जातं? हिशेब पुरा झाला होता, आता तिला शोधायला कोण जाणार होतं?

तेवढ्यात खुशबूचा हात कमरेच्या गाठीवर आला. तिने मला बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या देखत चौकातल्या कडुलिंबाच्या ओट्यावर ठेवलं.

"साहेब, चौथा हा होय. आमी तिघीच होतो. बायनाबाई आमच्या मांगं येत जाय. थे तिथीच राह्यली."

"सुनबाई, चूप!" कमलाबाई म्हणाली.

"चूप काऊन राहू, आत्याबाई? गोटा आला, बाई नाई आली!"

मग मात्र सारं गाव उठलं. डबे वाजवत, ढोल बडवत पन्नास माणसं जंगलाकडे गेली. मी ओट्यावर पडून होतो. लहानूची आठवण येऊन मला नको नको ते वाटत होतं.

उन्हं चढल्यावर माणसं परतली. मधे बायनाबाई होती. मोहाच्या झाडावर चढून बसली होती ती, बुंध्याला घासून हात सोललेले. वाघ बराच वेळ खालीच होता म्हणे. चौकात येऊन तिने मला पाहिलं, मग कमलाबाईकडे पाहिलं.

"काऊन वो कमलाबाई, तुमचा चौथा पोचला ना सुखरूप?"

कमलाबाईने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली.

तिसऱ्या दिवशी खुशबू पहाटेच बायनाबाईच्या दारात जाऊन बसली आणि ती तयार होईपर्यंत उठलीच नाही. तेव्हापासून मोह असो, तेंदू असो की सरपण असो, चौघी जातात. खऱ्या चार.

इथे गोष्ट संपली असती तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण आठवडा झाला नाही, तोच कुणीतरी मला शेंदूर फासला. "याच गोट्यानं बायनाबाईले वाचवलं!" आता परीक्षेला निघालेली पोरं मला नमस्कार करतात. नव्या मोबाईलचा नंबर आधी माझ्यासमोर वाचला जातो. आणि सगळ्यांत पुढे हात जोडून कोण? कमलाबाई!

मी वाचवलं? डोंबल माझं! अरे, मला मोजलं म्हणूनच तर ती बाई मरत होती! वाचवलं ते त्या पोरीच्या जिभेने. तिला कुणी साधं शाबास म्हटलं नाही. मित्रांनो, तुम्ही तरी एवढं करा. मोजायचं असेल तेव्हा माणसं मोजा, मागून एकटं येणारं माणूस आधी मोजा. आणि माझ्यासारख्या दगडाला त्याचं काम द्या.

ते काम मला एकटी बायनाबाई देते. पहाटे चौघी निघाल्या की ती ओट्यापाशी थांबते, लोट्यातलं पाणी माझ्यावर ओतते आणि विळा घासू लागते.

"अवो, देव होय थो!" कमलाबाई मागून कळवळते.

"असन," बायनाबाई म्हणते, "पन धार चांगली लावते."

रोज थोडा थोडा शेंदूर निघतो आहे.