पाणी कुणी घातलं?

फादर इनास रुमाव मूळचे वसईचे, बेनेडिक्टाइन मठातले संन्यासी, आणि वर चर्चच्या कायद्यातले डॉक्टर. रोममध्ये बसून त्यांनी बाप्तिस्म्याच्या पुराव्यावर साडेचारशे पानं लिहिली होती. ती पूर्ण वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. बेंगळुरूच्या मठातून ते महिनाभर शारजाच्या चर्चमध्ये व्याख्यानं द्यायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात सोनम लोपीस त्यांच्यापुढे येऊन बसली.

पुढच्या शनिवारी तिचं रोशनशी लग्न. हॉल बुक, बिर्याणी बुक, आणि चर्चचं ऑफिस म्हणतं, बाप्तिस्म्याचा दाखला आणा. आणणार कुठून? पोरगी इथल्याच हॉस्पिटलात सातव्या महिन्यात जन्मली, जगते की जाते अशी. बाप्तिस्मा तिथेच घाईत झाला, एवढंच आई सांगायची. वडील तेव्हा रास अल खैमाला कामावर. नोंद कुठेच नाही, आणि आई गेल्या वर्षी वारली. ऑफिसवाले म्हणाले, त्यात काय, पुन्हा पाणी घालू, पाच मिनिटांत खलास. पण सोनम हटून बसली.

"फादर, पुन्हा घेतला तर माझी आई खोटी ठरते. मी नाही घेणार."

फादर मनातून खूश झाले. कायद्याच्या माणसाला हट्टी पक्षकारासारखं सुख नाही. भरवशाचा एक साक्षीदार पुरतो, ते म्हणाले. तेव्हा तिथे होतं कोण? शेजारच्या खाटेवर रत्नागिरीच्या मरियमबी होत्या, एवढं सोनमला ठाऊक होतं. यल्ला, चला, म्हणत दोघं टॅक्सीनं अल मजाज भागात मरियमबींच्या घरी निघाले.

मरियमबींनी चहा केला, नानखटाई पुढे केली, सोनमच्या आईची आठवण काढून डोळे टिपले. बाप्तिस्म्याचं विचारलं, की पुन्हा नानखटाईच पुढे. तिसऱ्यांदा बशी आली तेव्हा त्यांनी उलट विचारलं, पाणी घालणारं माणूस तुमच्यातलं नसेल तर तुमचा कायदा काय म्हणतो?

फादरांनी कप खाली ठेवला. जीव धोक्यात असेल तर कुणीही घालावं, कायदा म्हणतो, ते बोलले.

"कुणीही?"

"कुणीही."

मग बाईंनी सगळं सांगितलं. नर्स डॉक्टरला आणायला धावलेली, पोर निळं पडलेलं, आई ऑपरेशननं जखडलेली. तिनं शब्द सांगितले, मरियमबींनी ते म्हणत ग्लासातलं पाणी घातलं. मग घाबरून शपथ घातली, कुणाला बोलू नकोस. तुमचे काय म्हणतील, आमचे काय म्हणतील! आईनं ती मरेपर्यंत पाळली.

फादरांचा एकच प्रश्न उरला होता: त्या वेळी मनात काय होतं?

"माझ्या मनात काय असणार? त्या माउलीला करायचं होतं, उठता येत नव्हतं. तिचं ते माझ्या हातून होऊ दे, एवढंच."

पाणी घालणाऱ्याचा एवढा हेतू पुरतो, हेच सांगायला फादरांना रोममध्ये साठ पानं लागली होती. झाला, ते म्हणाले, तेव्हाच झाला, आणि अगदी पक्का झाला. लग्न शनिवारीच लागेल.

मरियमबी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. "अठ्ठावीस वर्षं वाटत होतं, माझा हात लागला म्हणून वाया गेलं."

सोनमनं तो हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला, आणि मरियमबी रडता रडताच विचारू लागल्या, की शनिवारी किती वाजता यायचं.